कधीतरी म्हणजे किती

"घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

मराठीत या प्रश्नाला कर्म लागत नाही. काय घेता, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

"कधीतरी," मी म्हणालो.

"कधीतरी म्हणजे?"

"म्हणजे ऑकेजनली. मित्र जमले की."

"किती?"

"एक-दोन पेग."

त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. पन्नाशी उलटली की आमची बँक दर वर्षी अधिकाऱ्यांच्या तपासण्या करून घेते. त्या वर्षी यकृताच्या तपासण्यांत माझं एसजीपीटी थोडं वाढलेलं निघालं, जीजीटी बरंच, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड्स दोनशेच्या पुढे, आणि सोनोग्राफीवाल्याने ग्रेड वन फॅटी लिव्हर असा शेरा मारला होता. "जरा कमी करा," डॉक्टर म्हणाले. "किती कमी?" मी विचारलं. "जमेल तेवढं," ते म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

माझी सत्तावीस वर्षं बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. शाखेत जाऊन दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, हा धंदा. 'जमेल तेवढं' ही रक्कम मी आजवर कुठल्याही रकान्यात पाहिलेली नाही. पण खरं सांगायचं तर मीही त्यांना रक्कम सांगितली नव्हतीच. 'कधीतरी' आणि 'एक-दोन' हे आकडे मी एखाद्या शाखाधिकाऱ्याकडून ऐकले असते, तर त्याची तिजोरी तिथल्या तिथे उघडायला लावली असती.

आपल्याकडे दारूच्या बाबतीत भाषाच माणसाला सांभाळून घेते. कुणी दारू पीत नाही, सगळे 'बसतात'. "शनिवारी बसायचं का?" "परवा जरा जास्तच बसलो." बसण्यात गैर काय आहे? लहान मूलही बसतं. मग 'घेणं' येतं. तो पितो, आपण घेतो. पिणारा नाक्यावर गटाराच्या कडेला सापडतो, घेणारा सोफ्यावर, समोर शेंगदाणे आणि काकडी, टीव्हीवर मॅच. दोघांच्या रक्तात जातं ते एकच, इथेनॉल, पण क्रियापद वेगळं असल्यामुळे दोघांची आपसात ओळख नसते.

मापांचे शब्द मात्र आपल्याकडे भरपूर. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज ६०, नाइन्टी म्हणजे नाइन्टीच, मग क्वार्टर, हाफ, खंबा. (खंबा ७५० मिलीचा, म्हणजे त्याचा चौथा भाग १८७.५ व्हायला हवा. क्वार्टरमध्ये १८० असते. दर क्वार्टरमागे हे साडेसात मिली जातात कुठे, असा शेरा मी मनात कधीचा मारून ठेवलाय.) इतकी मापं असूनही घरी ओतताना कुणी मोजत नाही. पाहुण्याला मोजून ओतलं तर यजमान कंजूष ठरतो आणि स्वतःला मोजून ओतलं तर माणूस घाबरट ठरतो. बारमध्ये वेटर पेगमेजर वापरतो, तेही आपलं नुकसान होऊ नये म्हणून मालकाने त्याच्या हातात दिलेलं असतं.

रिपोर्ट आला त्या रात्री मी माझा नेहमीचा ग्लास काढला. काचेवर खाली निळ्या फुलांची वेलबुट्टी आहे, आणि वेलबुट्टी बुडेपर्यंत ओतलं की तो माझा एक लार्ज. गेली दहा-बारा वर्षं हेच. मी वेलबुट्टी बुडेपर्यंत पाणी ओतलं आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीच्या रेघेचं झाकण घेऊन ओट्यापाशी उभं राहून मोजायला लागलो. सहा झाकणं झाली. ग्लासात पाणी होतंच. सात. आठ. बायको फ्रिजमध्ये दही ठेवायला आली.

"अहो, काय चाललंय?"

"मोजतोय."

"काय?"

"लार्ज."

ती थांबली आणि बघत राहिली. नवव्या झाकणाला ग्लास रिकामा झाला. म्हणजे माझा लार्ज ६० चा नव्हताच, तो ९० चा होता. आणि एका बैठकीत मी दोन घेतो. म्हणजे १८० मिली.

"म्हणजे क्वार्टर," बायको म्हणाली. तिला हा शब्द माहीत आहे हेच मला नवीन होतं. दह्यावर झाकण ठेवून ती आत निघून गेली.

मी मात्र ओट्यापाशीच राहिलो, कारण क्वार्टर हा शब्द आमच्या घरात एकाच माणसाचा आहे. अण्णामामाचा.

अण्णामामा नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात टाइमकीपर होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आजोळी जायचो तेव्हा हंगाम नुकता सुरू झालेला असायचा. स्टँडवर उतरलं की मळीचा आंबूस गोड वास अंगावर यायचा. साखर काढून उरते ती मळी, मळी आंबवून तिचा स्पिरिट, आणि देशी असो वा लेबलवर विलायती नाव असलेली, आपल्याकडची बरीचशी दारू त्या मळीच्याच घरची. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा तो वास म्हणजे आजोळ, एवढंच.

मामाचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा आणि रात्र क्वार्टरवर. आठ वाजता स्टीलचा पेला, तांब्याभर पाणी, रेडिओवर बातम्या. नऊला पानावर. एक क्वार्टर, कमी नाही, जास्त नाही. आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नाही, तोल गेलेला कधी पाहिला नाही, मामीवर हात तर सोडाच, डोळाही कधी वटारला नाही. सकाळी सहाच्या भोंग्याला मामा गेटवर हजर. आख्ख्या कॉलनीत त्याचा एक लौकिक होता: अण्णा पचवतो.

'पचवणं' ही आपल्याकडे शाबासकी आहे. ज्याला चढते तो कच्चा, ज्याला पचते तो गडी. खरं तर चढत नाही याचा अर्थ मेंदूला सवय झाली, एवढाच. यकृताचं काम त्याने तसूभर हलकं होत नाही. यकृताला प्रत्येक ग्रॅम फोडावाच लागतो. आधी त्याचं अॅसिटाल्डिहाइड करायचं, जे मूळ दारूहून विषारी, मग त्याचं अॅसिटेट. तासाला सात-आठ ग्रॅम हा सर्वसाधारण वेग, आणि लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. क्वार्टरभर दारूत साठ ग्रॅम इथेनॉल असतं. म्हणजे रात्री नऊला पानावर बसलेल्या मामाचं यकृत पहाटे चारपर्यंत ड्यूटीवर असायचं, आणि सहाला मामा. ज्याला चढते तो दोनवर थांबतो. ज्याला पचते त्याला थांबवणारं आत कुणी उरत नाही. यकृत आतून दुखत नाही, म्हणून तेही सांगत नाही.

आणि मामा श्रावण पाळायचा.

हे आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जायचं. गटारीला शेवटची, मग थेट पोळा उलटेपर्यंत थेंब नाही. "व्यसन असतं तर महिनाभर राहिला असता का?" आई म्हणायची. हा युक्तिवाद आजही मी दर वर्षी ऐकतो, माझ्या मित्रांच्या तोंडून, आणि खरं सांगू, रिपोर्ट येईपर्यंत तो माझाही होता. पण एकदा जुलै-ऑगस्टात कशासाठी तरी आम्ही आजोळी होतो, तेव्हाचं एक दृश्य मला आठवतं. श्रावणाची पहिली-दुसरी सकाळ. मामाने चहाचा कप उचलला आणि बशी कपाखाली ताशासारखी वाजायला लागली. मामाने कप खाली ठेवला आणि ओणवा होऊन, दोन्ही हातांनी कप धरून, टेबलावरच तोंड लावून चहा प्यायला. पाऊस पडत होता, गारवा होता, तरी त्याच्या कपाळावर घाम. आम्ही पोरं हसलो. मामी म्हणाली, "उपासानं होतं त्यांना असं. चार दिवसांत सरावतं अंग."

चार दिवसांत सरावायचं हे खरं होतं. कारण मात्र उपास नव्हता. रोज दारूच्या गुंगीत राहायची सवय झालेल्या मेंदूची दारू एका रात्रीत तोडली की तो चवताळतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस नसलेलं पाहायला आणि बरळायला लागतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. रोज बऱ्यापैकी घेणाऱ्याने मनाचा हिय्या करून एकदम बंद करणं म्हणूनच धोक्याचं. ते डॉक्टरला सांगून, चार-आठ दिवस औषधाच्या आधाराने करायचं काम आहे. आमच्याकडे ते दर वर्षी पंचांग बघून व्हायचं.

१९९४ च्या श्रावणात, दुसऱ्या दिवशी सकाळी, मामाला ओटीवर फिट आली. कारखान्याच्या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी तेव्हा नोकरीच्या परीक्षा देत आजोळीच होतो, म्हणून मी आणि मामी बरोबर. डॉक्टर माझ्याच वयाचा असावा. त्याने विचारलं, "दारू घेतात का?"

"नाही हो डॉक्टर," मामी म्हणाली, "श्रावण पाळतात ते."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "परवापर्यंत?"

मामीने पदर तोंडाला लावला.

तेव्हा पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. त्याबद्दल पेपरांत येत होतं, आमच्या घरी ते वाचलंही जात होतं. पण अण्णाला तिथे न्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिथे पिणारे जातात. अण्णा तर घेत होता, तेही मोजून, तेही अकराच महिने. मामा बरा होऊन घरी आला आणि पोळा झाल्यावर आठच्या बातम्यांना पुन्हा बसला. तीन वर्षांनी डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं, पाय काड्या. मग मात्र त्याने कायमची सोडली. शेवटचे आठ महिने त्याने दारूला स्पर्श केला नाही. एका पहाटे रक्ताची उलटी झाली आणि जीपही लागली नाही. छप्पन्न वर्षांचा होता.

मी चोपन्नचा आहे.

त्या रात्री मोजणी संपल्यावर मी हिशेबाची वही काढली. माझ्या घरखर्चाच्या वहीत दारू 'इतर' या सदरात असते, तीही एक 'भाषा'च. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे १०० मिलीत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. त्याचं वजन काढायला ०.७९ ने गुणायचं. खरा लार्ज, ६० चा, सुमारे २० ग्रॅम. माझा वेलबुट्टीवाला ३०. दोनचे साठ आणि वर एखादा. बुधवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन रात्री, झाले १८३. रविवारी दुपारी मटणाआधी एक बिअर. बिअर मी कधी मोजतच नव्हतो, ती थंड असते म्हणून. पण ६५० मिलीची, ८ टक्केवाली स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, चक्क दोन खरे लार्ज. बेरीज २२४ ग्रॅम. याला मी 'कधीतरी' म्हणालो होतो.

२२४ म्हणजे जास्त की कमी, हे ठरवायला कुणाची तरी पट्टी हवी. आपल्याकडे सरकारने अशी पट्टी मला कुठे लावलेली दिसत नाही. बाटलीवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' लिहितात. दुसरीकडे आपला १९४९ चा दारूबंदी कायदा आजही जागा आहे, आणि त्याप्रमाणे दारू प्यायला लागणारा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून. 'परमिट रूम' हे नाव तिथूनच आलं. म्हणजे मी कायद्याने प्रकृती राखायला पितो आणि लेबलप्रमाणे प्रकृती बिघडवायला. दोन्ही कागद एकाच खात्याच्या फायलीत सापडले तर इन्स्पेक्टरने करायचं काय?

तेव्हा बाहेरच्या पट्ट्या पाहिल्या. ब्रिटनमध्ये १९८७ साली पुरुषांना आठवड्याला २१ युनिट आणि बायकांना १४ असं ठरलं होतं. त्यांचं युनिट ८ ग्रॅमचं. ते ठरवणाऱ्या समितीतल्या एकाने वीस वर्षांनी कबूल केलं की हे आकडे जवळजवळ हवेतूनच काढले होते. हे वाचून मला त्या समितीबद्दल आपुलकी वाटली. कित्येक कर्जमर्यादा मी अशाच ठरताना पाहिल्यात. २०१६ साली त्यांनी दोघांनाही १४ वर आणलं, तेही तीन-चार दिवसांत पसरून, एका रात्रीत नव्हे. माझे २२४ ग्रॅम म्हणजे बरोबर २८ युनिट. दुप्पट. कॅनडात २०११ ला पुरुषांना आठवड्याला १५ ड्रिंक चालत होती. २०२३ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की धोका कमी ठेवायचा तर दोन, सहापर्यंत मध्यम, सातपासून पुढे वाढताच. आणि २०२३ च्याच जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की सुरक्षित अशी पातळीच नाही, पहिल्या थेंबापासून धोका मोजायचा.

एकाच पदार्थाला एवढ्या पट्ट्या कशा, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. माणसाचं यकृत काय कॅनडात वेगळं असतं? उत्तर कळलं ते माझ्याच धंद्यातलं होतं. ब्रिटनने १४ हा आकडा काढला तो असा, की आयुष्यभर एवढी घेतली तर दारूमुळे मरण्याची शक्यता शंभरात एक राहावी. कॅनडाने दोन ड्रिंकची रेघ ओढली ती हजारात एकावर. म्हणजे विज्ञान फक्त वक्ररेषा काढून देतं, जेवढी जास्त तेवढा धोका जास्त. रेघ कुठे मारायची हे बुडीत कर्जाचं प्रमाण किती चालवून घ्यायचं तसं आहे. ते हिशेबातून निघत नाही, ते कुणीतरी ठरवतं. 'किती म्हणजे जास्त' याचं उत्तर देणारा प्रत्येक जण मनात आधी 'किती धोका म्हणजे चालेल' याचं उत्तर देऊन बसलेला असतो.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो २०१८ चा, 'लॅन्सेट'मधला अभ्यास. १९ देश, ८३ पाहण्या, जवळपास ६ लाख पिणारे. देश सगळे श्रीमंत, आपण त्यात नाही, पण दुसरं एवढं मोठं काही माझ्या हाती नव्हतं. त्यात असं दिसलं की मृत्यूचा धोका सगळ्यात कमी होता तो आठवड्याला १०० ग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत. तिथून पुढे चाळिशीतल्या माणसाचं आयुष्य घटत जातं. १०० ते २०० ग्रॅमला सुमारे सहा महिने, २०० ते ३५० ला एक ते दोन वर्षं, ३५० च्या वर चार ते पाच वर्षं.

मी मामाचा आठवडा मांडला. ६१ गुणिले ७. चारशे सत्तावीस.

मग माझा मांडलेलाच होता. आमच्या दोघांच्या बैठकीत फरक शून्य, फक्त तो आठवड्यात सात वेळा बसायचा, मी तीन. तो स्टीलच्या पेल्यातून आणि मी वेलबुट्टीच्या ग्लासातून. 'मामासारखं आपल्याला कधी होणार नाही' हे जे मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो, ते चार रात्रींच्या अंतरावर उभं होतं.

नाशिकला राहून या विषयावर लिहायचं आणि वाइनचं नाव काढायचं नाही, असं चालणार नाही. इथे पाहुणे आले की आधी त्र्यंबकेश्वर, मग गंगापूर धरणाकडचे द्राक्षमळे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू द्यायचं मंत्रिमंडळात ठरलं, आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य महिनाभर गाजलं. आमच्या सोसायटीतही त्यावर दोन तट पडले. १२ टक्क्यांच्या वाइनच्या एका बाटलीत ७१ ग्रॅम इथेनॉल असतं. क्वार्टरपेक्षा दहा ग्रॅम जास्त. द्राक्षाच्या शेतकऱ्याचं भलं व्हावं हे मलाही मान्य आहे, पण यकृताला सातबारा वाचता येत नाही.

"पण थोडी वाइन हृदयाला चांगली असते ना?" हे आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा दुसऱ्या ग्लासाला म्हणतो. ही समजूत अगदीच हवेतली नाही. १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर फ्रेंच लोकांच्या धडधाकट हृदयांचं कोडं सांगितलं गेलं आणि रेड वाइन औषधाच्या कपाटात जाऊन बसली. पुष्कळ पाहण्यांतही असं दिसायचं की थोडी घेणारे हे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली की हे 'अजिबात न घेणारे' नेमके कोण? १९८८ मध्येच एका ब्रिटिश संशोधकाने दाखवून दिलं होतं की त्या रकान्यात आजारपणामुळे सोडलेलेही घुसलेले असतात. मला हे चटकन कळलं, कारण मला त्यातला एक जण माहीत होता. शेवटच्या आठ महिन्यांत कुणी पाहणी करायला आमच्या मामाच्या दारात आलं असतं, तर मामाचं नाव 'न पिणारे' या रकान्यात गेलं असतं. आणि पुढच्या फेरीला त्याच नावापुढे 'मृत' लागलं असतं. एका न पिणाऱ्याचा अकाली मृत्यू. अशा नोंदींच्या शेजारी ठेवलं की शनिवारी दोन ग्लास वाइन घेणारा तर चिरंजीवच दिसणार.

पुढे चीनमध्ये पाच लाखांवर लोकांच्या पाहणीतून २०१९ मध्ये आणखी नामी वाट काढली गेली. तिकडे अनेकांना जन्मतःच असा जीन मिळतो की दारूने तोंड लाल होतं, मळमळतं, म्हणून ते मुळातच कमी पितात. स्वभाव, पैसा, आजारपण काही मध्ये न येता निसर्गानेच केलेली विभागणी. त्या विभागणीप्रमाणे मोजल्यावर थोड्या दारूचा पक्षाघातापासून बचाव होतो हे दिसेनासंच झालं. जेवढी दारू तेवढा रक्तदाब, तेवढा पक्षाघात. हृदयाबद्दल वयस्क लोकांच्या बाबतीत अजून थोडा वाद आहे. कर्करोगाबद्दल नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दारू पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या शेजारी, बसवली ती १९८८ मध्ये. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन. दारूबरोबर तंबाखू असेल तर तोंडा-घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आमच्या बैठकीतल्या पाचांपैकी दोघांच्या खिशात पुडी असते.

स्तनाचं वाचलं ते बायकोने. तिला द्राक्षमळ्यावर गेलं की एक ग्लास आवडतो, आणि बायकांच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच दारूने रक्तात जास्त चढते. रोजच्या दहा ग्रॅममागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, हे तिने मोबाइलवर मला वाचून दाखवलं. "रोज कुठे, तू वर्षातून तीनदा घेतेस," मी म्हणालो. "मी मोजलंय," ती म्हणाली, "तुमच्यासारखं नाही." त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मी सोडली का? नाही. सहा आठवडे पूर्ण बंद ठेवली, रोजची नव्हती म्हणून डॉक्टरांनी तसंच करा म्हटलं. फॅटी लिव्हर या पायरीवर असेल तर बहुतेक वेळा मागे फिरतं, आणि माझं जीजीटी खाली आलं. झोप सुधारली, घोरणं कमी झालं, हे बायकोचं प्रमाणपत्र. मग मी स्टीलचं पेगमेजर विकत आणलं. एका बाजूने ३०, दुसऱ्या बाजूने ६०. आता आठवड्याला चार लार्ज, खरे, दोन दिवसांत मिळून. ८१ ग्रॅम. ब्रिटनच्या रेघेच्या आत, कॅनडाच्या 'मध्यम' टप्प्याच्या अगदी काठावर, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात नापास. शून्यच बरोबर आहे हे मला पटतं. पटणं आणि शुक्रवार यांत अंतर आहे, आणि तेवढा धोका मी डोळे उघडे ठेवून खात्यावर घेतलाय. बुडाला तर माझ्या सहीने बुडेल.

बैठकीत मेजर काढलं तेव्हा हशा झाला. "दवाखान्यातून आलास का?" "आता इथेही इन्स्पेक्शन?" एकाने माझ्या लार्जकडे बघून विचारलं, "हे काय, तीर्थ?" वेलबुट्टीच्या ग्लासात खरे साठ ओतले की फुलं अर्धी कोरडी राहतात, दिसायला ते खरंच केविलवाणं दिसतं. आणि मग नेहमीचं वाक्य आलं: "अरे, सगळेच घेतात." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांत घेणारे निघाले सुमारे एकोणीस. सगळे घेतात असं आपल्याला वाटतं, कारण न घेणारे आपल्या टेबलावर नसतात. मी हे बोललो नाही. दुसऱ्याच्या ग्लासातलं मोजायचा मला अधिकार नाही, आणि मित्रही पाचच उरलेत.

यंदा पुन्हा वार्षिक तपासणी झाली. दवाखाना तोच, डॉक्टर तेच.

"घेता का?"

"हो."

"किती?"

मी तयारीत होतो. "आठवड्याला ६० मिलीचे चार पेग, ४२.८ टक्क्यांचे. दोन दिवसांत मिळून. एकूण ८१ ग्रॅम. बिअर बंद आहे. मामा सिरोसिसने गेले, छप्पन्नाव्या वर्षी."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि परत कागदावर लिहायला घेतलं. इन्स्पेक्शनमध्ये टेबलापलीकडचा कागद उलटा वाचायची सवय लागते. मी वाचलं. ऑकेजनल.